सगुणाच्या डाव्या हातावर

"बाबा, आईच्या हातावर काय गोंदलेलं होतं?"

हन्नाने हे विचारलं तेव्हा मी मोसंबं सोलत होतो. मंगळवार होता. आदल्या दिवशी माझी बायको सगुणा गेल्याला वर्ष झाल्याची प्रार्थना झाली होती. चर्चमधून आणलेली मोठी पातेली ओट्यावर उपडी घातली होती, ती परत पोहोचवायची होती. मिशन कंपाऊंडातल्या आमच्या दोन खोल्यांत आदल्या दिवशी चाळीस माणसं बसली होती. आता आम्ही दोघंच होतो आणि चाळीस माणसांपेक्षा जास्त अवघडलो होतो.

"बघून सांगतो," मी म्हणालो.

"कशात बघणार? डिक्शनरीत?"

मी मोसंब्याची साल बशीत नीट रचून ठेवली. हन्ना तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती, पुण्याला मोठ्या दवाखान्यात नर्स. शनिवारी ती मुंबईला जाणार होती आणि रविवारच्या विमानाने मस्कतला, तीन वर्षांच्या करारावर.

"शुक्रवारी नगरला जाऊन मी गोंदवून घेणार आहे," ती म्हणाली. "आईच्या हातावर होतं ना, तेच. त्याच जागी." आणि तिने आपल्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटं वर, अंगठ्याने दाबून दाखवलं.

"आईच्या हातावर भाजलेला डाग होता."

"डागाच्या आधी काहीतरी होतं. कडेला निळे ठिपके दिसायचे. मी तिला शेवटच्या आठवड्यात विचारलं, आई, इथे काय होतं गं? ती म्हणाली, बाबांना विचार. ते दाखवतील."

सगुणा असं म्हणाली हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. आयुष्यभर तिने माझ्या स्मरणशक्तीवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास टाकला. पण मला आठवत नव्हतं, आणि ते मुलीला सांगायची हिंमत नव्हती. म्हणून मी मला सोपा वाटणारा रस्ता धरला.

"मुळात ख्रिस्ती माणसाने गोंदवून घ्यावं का, हाही एक प्रश्न आहे," मी म्हणालो.

हन्नाने माझ्याकडे बघितलं. "आहे ना. मग तोही बघून सांगा."

मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. चर्चच्या मंडळीत रविवारी शास्त्रपठण करायचो. लोक मला भांबळ मास्तर म्हणून मान देत, पण कुणी समोरून प्रश्न विचारला की माझ्या तोंडून "बघून सांगतो" एवढंच निघायचं. यात नम्रता किती आणि भित्रेपणा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या दुपारी मी पुस्तकं काढली. पुस्तकांतून कडुलिंबाची वाळलेली पानं पडली. कसर लागू नये म्हणून सगुणा दर उन्हाळ्यात माझ्या एकेका पुस्तकात पाला घालायची. कुठलंही पुस्तक उघडलं की आधी तिचा पाला खाली पडायचा, मग मजकूर दिसायचा. संध्याकाळपर्यंत मी शाळेतली लाल-निळी पेन्सिल घेऊन खुणा करत बसलो. फक्त खालच्या फळीवरचा, बायबलवरच्या भाष्याचा जाड इंग्रजी ग्रंथ तेवढा काढला नाही. तो मी बरीच वर्षं काढत नव्हतो.

बुधवारी सकाळी चहा झाल्यावर मी हन्नाला म्हणालो, "मी एक टिपण केलं आहे. सात पानं झाली."

"सात?"

"पहिल्या भागात निषेधाची वचनं घेतली आहेत. बायबलच्या नियमशास्त्रात अंगावर गोंदवून घेऊ नये अशी सरळ आज्ञा आहे. पुढे शरीर हे देवाचं मंदिर आहे, हा पौलाचा विचार. दुसऱ्या भागात विरुद्ध बाजू. देव स्वतः म्हणतो की त्याने आपल्या लोकांना तळहातावर कोरून ठेवलं आहे. शिवाय दागिन्यांबद्दल—"

"रिबकेला नथ घातली होती," हन्ना म्हणाली. "हे मला माहीत आहे. अकरावीत मी नाकात चमकी घालायचं म्हटलं तेव्हा हेच वचन आजीला दाखवलं होतं. आजी दोन दिवस जेवली नव्हती."

"तुझ्या आजीचा स्वभाव..."

"तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतंय?"

मी कागदांच्या कडा जुळवल्या.

"बघून सांगतो म्हणाला होतात. अजून बघताय." ती थोडीशी हसली, पण ते हसणं फार काळ टिकलं नाही. "बरं, निष्कर्ष काय? सातव्या पानावर?"

मी सातवं पान वर घेतलं. तिथे मी लिहिलं होतं की दोन्ही बाजूंनी बोलता येतं. ते मोठ्याने वाचवेना.

"बाबा, पाप आहे का? मला खरंच माहीत नाही. मीही त्याच रविवारच्या शाळेत वाढले. मलाही धाकधूक आहे. एका शब्दात सांगा."

"एका शब्दात सांगणं म्हणजे..."

"राहू द्या." तिने कप उचलले आणि मोरीत नेऊन ठेवले. तिकडूनच, पाठमोरी, म्हणाली, "मग निदान काय होतं ते तरी सांगा. कुंकवाची कोयरी होती, विंचू होता, नाव होतं?"

"मला आठवत नाही, हन्ना."

नळ बंद झाला.

"अडतीस वर्षं होतात तुम्ही बरोबर."

"त्यातले पहिले तीन-चार महिनेच ते होतं. मग हात भाजला."

"नवी बायको होती तुमची! तीन-चार महिन्यांत हातसुद्धा बघितला नाही?"

अडुसष्टाव्या वर्षी मला मुलीसमोर लाज वाटली. तिला काय सांगायचं? दोन खोल्या, दुसऱ्या खोलीत माझी आई, सगुणाच्या पोलक्याच्या बाह्या मनगटापर्यंत, आणि माझ्या हातात कायम पुस्तक. ती जेवायला वाढायची तेव्हा मी पानाचा कोपरा दुमडत असायचो. तिच्या हाताला लसणाचा वास असायचा, हे आठवतं. हातावर काय होतं ते आठवत नाही.

"साळूमावशीला माहीत असेल," हन्ना म्हणाली. "उद्या कोळवाडीला जाऊ. तुम्हीही चला."

साळूबाई सगुणाची थोरली बहीण. दोघींच्यात सहा वर्षांचं अंतर. साळूबाईचं लग्न तेराव्या वर्षी झालं, आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या वडिलांनी घरातल्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे एक बहीण एका देवाच्या घरात राहिली आणि दुसरी दुसऱ्या. माझी आई होती तोवर साळूबाई आमच्याकडे आली की उंबऱ्याच्या आत बसायची नाही. कुणी तिला अडवलं नव्हतं. तिचं तिलाच कळत असावं.

गुरुवारी आम्ही पोहोचलो तेव्हा ती अंगणात शेंगा फोडत होती.

"या मास्तर! वर्सानं वाट सापडली म्हनायची. आन् तू गं? किती वाळलीस! दवाखान्यात खायला घालत न्हाईत का?" हन्नाला जवळ ओढून तिने तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "सोमवारच्या प्रार्थनेला आले न्हाई, गुडघ्यानं दावा धरलाय. राग न्हाई ना?"

"राग कसला," मी म्हणालो.

हन्नाने वेळ घालवला नाही. "मावशी, आईच्या हातावर काय गोंदलं होतं?"

"माज्यासारकंच की!" साळूबाईने डावी बाही वर सरकवली. सुरकुतलेल्या कातडीवर जुनं, हिरवट निळं झालेलं तुळशीचं रोप होतं. खाली कुंडी, मधे देठ, दोन्ही बाजूंना पानं. "गोंदनारीन आली हुती जत्रंत. मी तेराची, ती सात वर्साची. माजं आदी झालं. मी दातओठ खाऊन बसले. मग हिची पाळी. कुंडी झाली, देठ झाला, डाव्या अंगाची तीन पानं झाली, आन् बया अशी हिसका मारून पळाली, ते थेट शेरडांच्या मागं जाऊन लपली! गोंदनारीन सुई हातात धरून बसलेली!"

हन्ना हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा मी तिला मोकळं हसताना बघितलं.

"मग उरलेलं?"

"राहिलं ते राहिलं. बा म्हनला, फुडल्या जत्रंला पुरं करू. फुडल्या जत्रंपत्तुर बाप्तिस्मा झाला. मंग कोन गोंदतंय? आमची आय तिला चिडवायची, तुजी तुळस बकरीनं खाल्लीय म्हनून."

"म्हणजे डावीकडे तीन पानं आणि उजवी बाजू कोरी. तीनच ना मावशी?"

"तीन." साळूबाईने डोळे बारीक केले. "का चार? न्हाई, तीनच."

हन्नाने पर्समधून वही काढून पेनने रोप काढलं. कुंडी, देठ, डावीकडे तीन पानं. मला दाखवलं. मला वाटलं, बघितल्यावर तरी काहीतरी हलेल. काहीच हललं नाही. एखाद्या परक्या बाईच्या हातावरचं असावं तसं ते दिसलं.

"तेबी शेवटी ऱ्हायलं न्हाई," साळूबाई म्हणाली. "तळताना तेल उडालं आन् सगळंच गेलं."

हन्ना वहीतून वर बघेना. शेंगांच्या टरफलांवर एक कोंबडी पाय मारत होती. बोलायची गरज नव्हती. अडतीस वर्षं तेलावर भागलं होतं, पुढेही भागलं असतं.

"तेल नव्हतं," मी म्हणालो. "बिब्बा होता."

साळूबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. बिब्ब्याचं तेल कातडीवर उतलं की मांस दिसेपर्यंत फोड येतात, हे तिला सांगावं लागणार नव्हतं.

"तुमी लावला?"

"नाही. तिनेच लावला."

"का?"

मग मला सांगावं लागलं. सगुणा लग्न होऊन आली आणि तीन महिन्यांनी पहिल्यांदा आमच्या मंडळीत प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीला, बसणार होती. आदल्या आठवड्यात भाकरी थापताना तिची बाही वर गेली आणि माझ्या आईने गोंदण बघितलं. आई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "शास्त्रात मनाई आहे हो याला. तुळस घेऊन कशी बसणार तू प्रभूच्या मेजाशी?" सगुणा त्या भोजनाला बसली नाही. पोटात दुखतंय म्हणाली. दोन दिवसांनी मी शाळेत निघालो असताना तिने दाराशी मला थांबवलं. माझ्याशी ती तोवर फार बोलत नसे. तिने विचारलं, "शास्त्रात खरंच आहे का असं? माझ्याकडून पाप झालंय का?"

"आन् तुमी काय म्हनला?" साळूबाईने विचारलं.

"बघून सांगतो म्हणालो."

"मंग?"

"बघत होतो."

"किती दिस?"

"एकोणीस."

साळूबाईने शेंग सुपात टाकली. "एकोनीस दिसांत कोंबडीची पिल्लं निघायला येत्यात, मास्तर."

 विसाव्या दिवशी मी घरी आलो तेव्हा सगुणाचा हात फडक्यात गुंडाळलेला होता आणि फडकं पिवळं झालं होतं. पुढच्या महिन्यात ती प्रभुभोजनाला बसली. माझी आई त्या दिवशी तिला आपल्या शेजारी घेऊन बसली होती.

"मला माहीत होतं," हन्ना म्हणाली. तिचा आवाज दवाखान्यातला झाला होता, कोरडा. "तेल उडालं तर शिंतोडे पडतात. आईचा डाग चौकट आखून घेतल्यासारखा होता. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत आले आणि बघितल्याबरोबर कळलं. फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी सांगितलं होतं ते खरं होतं, पण पुरं नव्हतं, हे मला कळत होतं. बहुतेक तिलाही.

शुक्रवारी नगरला एका मोबाईलच्या दुकानावरच्या मजल्यावर आम्ही गेलो. गोंदणाऱ्या बाईचं नाव शर्वरी होतं. तिच्या दोन्ही हातांवर मोकळी जागा नव्हती; मानेवरसुद्धा एक पक्षी होता. हन्नाने तिला आधी सुई दाखवायला लावली, पाकीट आपल्यासमोर फोडायला लावलं, हातमोजे बदलायला लावले. शर्वरी वैतागून म्हणाली, "ताई, तुम्ही गोंदवून घ्यायला आलात की तपासणीला?" मला हसू आलं आणि हन्नालाही. मला वाटलं, कदाचित सगळं सुरळीत होईल.

शर्वरीने वहीतलं चित्र हातावर पेनने उतरवलं. "उजवीकडे पानं नाहीत. राहून गेली का? लगेच काढते, त्याचे जास्तीचे पैसे नाहीत."

हन्नाने माझ्याकडे बघितलं.

"नको," मी म्हणालो. "उजवी बाजू कोरी ठेवा."

शर्वरीने यंत्र हातात घेतलं. त्याची घरघर सुरू झाली. हन्नाने दुसरा हात वर करून तिला थांबवलं.

"बाबा, शेवटचं विचारते. पाप आहे का?"

ती सात पानं माझ्या पिशवीत होती. मला ती काढायची गरज वाटली नाही.

"नाही," मी म्हणालो.

"एका शब्दात?"

"नाही. पाप नाही. ती आज्ञा दुसऱ्या काळातल्या, मेलेल्यांसाठी अंग कापून घेणाऱ्या लोकांच्या चालीबद्दल होती. आणि लहान पोरीच्या हातावर दुसऱ्या कुणी काढलं, त्यात तिचा दोष तर नव्हताच."

मी बोलून गेलो आणि मग माझ्या ध्यानात आलं की मी कुणाबद्दल बोललो. हन्नाच्याही ध्यानात आलं.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

यंत्र घरघरत होतं. शर्वरीने ते बंद केलं आणि उगाच सामान नीट लावू लागली.

"एकोणिसाव्या दिवशी," मी म्हणालो. "नगरला रेव्हरंड आढाव होते, आमचे जुने गुरू. त्यांना मी पत्र लिहून विचारलं होतं. त्यांचं कार्ड आलं, ते शाळेच्या पत्त्यावर. त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं, तुमच्या पत्नीने निःशंक मनाने मेजाशी यावं. त्या दिवशी ते शाळेतच राहू दिलं; दुसऱ्या दिवशी खिशात घालून घरी आलो."

"आणि आईचा हात भाजलेला होता."

"हो."

"मग तुम्ही तिला दाखवलं नाही."

"दाखवून काय करायचं होतं? तू उगाचच भाजून घेतलंस असं सांगायचं? तेव्हा वाटलं, तिला न सांगणंच बरं."

"तेव्हाचं सोडा. नंतर? दहा वर्षांनी? वीस? ती मरेपर्यंत अंगात पूर्ण बाह्यांचं पोलकं घालायची, बाबा. मे महिन्यातसुद्धा. तिला वाटत होतं की तिच्या हातून काहीतरी झालंय. एकदा म्हणायचं होतं ना, काही झालं नव्हतं."

 दयेमुळे गप्प राहिलो की भीतीमुळे, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता ते दोन शब्द मला वेगळे वाटत नाहीत.

 हन्नाने हात पुन्हा टेबलावर ठेवला. "सुरू करा," ती शर्वरीला म्हणाली.

पाऊण तास लागला. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो होतो. हन्ना हात हलवत नव्हती, दातओठ खात होती. मला तिचा दुसरा हात धरावासा वाटला. खुर्ची पुढे ओढली तर आवाज होईल, असं वाटून मी ओढली नाही.

शनिवारी सकाळी तिला गाडीत बसवून दिलं. हातावर पातळ प्लॅस्टिकची पट्टी होती आणि तिच्याखाली तुळस काळीभोर दिसत होती. खिडकीतून ती म्हणाली, "गोळ्या वेळेवर घ्या. शेजारच्या शेवंताकाकू डबा देतील रविवारचा."  गाडी वळेपर्यंत मी हात वर करून उभा होतो. तिने बघितलं की नाही, उन्हामुळे दिसलं नाही.

घरी आलो. चर्चची पातेली अजून तिथेच होती. मी ती एकेक करून पोहोचवली. तीन फेऱ्या झाल्या. मग घरात करायला काही उरलं नाही. दार लावून मी खालच्या फळीपुढे बसलो आणि जाड इंग्रजी ग्रंथ ओढून काढला. गोंदणाच्या त्या आज्ञेच्या पानावर मी कार्ड ठेवलं होतं, आणि त्यानंतर तो ग्रंथ त्या पानावर उघडला नव्हता. असं मी काही ठरवलं नव्हतं. हात वळत नव्हता.

पान उघडलं. आधी कडुलिंबाचा पाला खाली पडला.

एका वर्षाचा नव्हता. काही पानांचा चुरा झाला होता, काही तांबूस होती, काहींचा हिरवा रंग अजून थोडा शिल्लक होता. वर्षानुवर्षं कुणीतरी नेमकं याच पानात पाला घालत आलं होतं.

कार्ड जागेवर होतं. रेव्हरंड आढावांचं बारीक अक्षर फिकट झालं होतं, पण वाचता येत होतं. मी ते वाचलं आणि उलटं केलं. पत्त्याच्या बाजूला, जिथे माझं नाव आणि शाळा लिहिली होती, त्याच्या डाव्या अर्ध्या कोऱ्या जागेत एक चित्र होतं. माझ्या लाल-निळ्या पेन्सिलीच्या निळ्या टोकाने काढलेलं. सगुणा त्याच टोकाने गाण्याच्या पुस्तकात रविवारच्या गाण्यांचे आकडे लिहायची, दाबून, शाळकरी मुलीसारखे. ही रेघही तशीच दाबून काढलेली होती.

खाली कुंडी. मधे देठ. डावीकडे पानं. उजवी बाजू कोरी.

खाली काही लिहिलं नव्हतं. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. लिहायचं असतं तर लिहिलं असतं. तिने कार्ड वाचलं होतं. कधी, ते मला कधीच कळणार नाही. वाचून तिने मला काही विचारलं नाही. फक्त मी बघेन अशा ठिकाणी काढून ठेवलं, आणि दर उन्हाळ्यात पाला घालायला म्हणून येऊन बघत राहिली, की मी बघितलं का.

बाबांना विचार. ते दाखवतील.

मी चष्मा पुसून पानं मोजली. मग पुन्हा मोजली. चार होती. चौथं अगदी खाली, कुंडीजवळ, इतरांपेक्षा लहान. सुईखालून हात ओढून घेतला तेव्हा ते अर्धंच झालं असावं.

बाहेर दुपारचं ऊन होतं. माझ्या मनात सवयीप्रमाणे आलं की आत्ता नको. ती प्रवासात आहे. नुकतं गोंदून झालंय. आधीच रागावलेली आहे. साळूबाईला पुन्हा एकदा विचारून घ्यावं. पेन्सिलीची रेघ आहे, चुकूनही ओढली गेली असेल. मस्कतला पोहोचली की सविस्तर पत्र लिहावं. हे सगळं अगदी शहाणपणाचं वाटत होतं.

मी फोन उचलला.

"बाबा?" मागे गाडीचा आणि कुणाच्यातरी रडणाऱ्या बाळाचा आवाज होता. "बरं नाही वाटत का?"

"बरा आहे. हन्ना, मी बघितलं."

"काय बघितलं?"

मी सगळं सांगितलं. कार्ड, पाला, निळी पेन्सिल. मधे आवाज तुटत होता, म्हणून काही वाक्यं दोनदा सांगावी लागली. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड होतं. शेवटी म्हणालो, "पानं तीन नाहीत. चार आहेत. एक राहिलंय."

पलीकडे फक्त गाडीचा आवाज येत होता. फोन बंद झाला असं वाटून मी "हॅलो" म्हणालो.

"कुठे?" ती म्हणाली. 

"सगळ्यात खाली, कुंडीजवळ. लहान आहे."

"फोटो पाठवता येतो का तुमच्या फोनवरून?"

"नाही."

"मग ते कार्ड परत पुस्तकात ठेवू नका. बाहेर ठेवा. मी येईन तेव्हा तुम्ही दाखवा."

"बरं," मी म्हणालो.

तिला यायला तीन वर्षं आणि दोन महिने लागले. तोवर कार्ड जेवायच्या टेबलावर काचेखाली होतं. मी एकटा जेवायचो तेव्हा ते ताटाच्या डाव्या बाजूला असायचं. आली त्याच आठवड्यात आम्ही नगरला गेलो. शर्वरीचं दुकान बंद होऊन तिथे चष्म्याचं दुकान झालं होतं. दोन गल्ल्या फिरून दुसरं शोधलं. या वेळी मी खुर्ची पुढे ओढली. फरशीवर तिचा मोठा आवाज झाला.

आता या गोष्टीला बारा वर्षं झाली. हन्ना मस्कतलाच स्थायिक झाली आहे. वर्षा-दोन वर्षांतून येते. तिच्या हातावरची तीन पानं आता निळसर, मऊ झाली आहेत. चौथं अजून काळं आहे. ती दारात आली की मी आधी ते बघतो, मग तिची बॅग घेतो.